सोलापूरच्या माळावर जाण्याआधी

शिकारीसाठी चांगली जागा कुठे मिळेल, असे विचारणारे लोक अजूनही आहेत. कुणी परदेशात अस्वलांच्या मागावर निघालेल्या शिकाऱ्यांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिलेल्या असतात, कुणाच्या घरात आजोबांची जुनी बंदूक असते आणि भिंतीवर काळविटाची शिंगे असतात. त्यांना उत्तर आधीच स्पष्ट दिले पाहिजे. भारतात हौसेखातर वन्यप्राण्याची शिकार करायला एकही कायदेशीर जागा नाही. मुंबई राज्यात १९५१ चा जुना कायदा होता आणि त्याखाली शिकारीचे परवाने मिळत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो जमाना संपत गेला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या नवव्या कलमाने शिकार पूर्ण बंद केली. अकराव्या कलमाने फार थोडे अपवाद ठेवले: प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, बरा न होण्याइतका जखमी किंवा रोगट असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढू शकतात. जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही, पण तसा मेलेला प्राणीही सरकारचाच. भिंतीवरच्या त्या शिंगांसाठीसुद्धा मालकीचा दाखला लागतो आणि ती विकता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अस्वल, लांडगा, काळवीट, चिंकारा आणि माळढोक हे सगळे त्या पहिल्या अनुसूचीत येतात.

दुसरी गोष्ट अस्वलाची. सोलापूर जिल्ह्याच्या माळावर अस्वल नाही. महाराष्ट्रात ते विदर्भात आणि सातपुड्यात आहे, सह्याद्रीच्या दक्षिण भागात थोडे आहे, आणि बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठीच ओळखले जाते. सोलापूरकराला त्याहून सोपी वाट दक्षिणेची आहे. विजयपूर, इलकल, कुष्टगीवरून होसपेटला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग १३ सोलापुरातूनच निघत असे. त्या वाटेने सुमारे तीनशे किलोमीटरवर, हंपीच्या जवळ, दरोजी अस्वल अभयारण्य आहे. १९९४ मध्ये ते खास अस्वलांसाठी जाहीर झाले. खडकाळ टेकड्यांत, काटेरी झुडपांत राहून बोरे आणि वाळवीवर जगणारे हे अस्वल तिथे समोरच्या मनोऱ्यावरून दुपारनंतर दिसते. वनखात्याचे कर्मचारी खडकावर त्याच्यासाठी खाद्य लावतात, हेही त्यामागचे एक कारण आहे. अस्वल पाहायचे तर मनोऱ्यावरूनच पाहावे. त्याची नजर अधू असते, ते अचानक समोर आलेल्या माणसावर धावून जाते, आणि पहाटे मोहाची फुले वेचायला किंवा सरपण आणायला गेलेली माणसे त्यात जखमी होतात. ज्ञानगंगेत किंवा मेळघाटात स्थानिक वाटाड्याशिवाय पायी फिरणे धोक्याचे आहे आणि नियमातही बसत नाही.

सोलापूरच्या वाचकाने दरोजीला अवश्य जावे, पण त्याआधी दारातला माळ पाहावा, असा माझा आग्रह आहे. शिकाऱ्याकडे एक विद्या होती: जमीन वाचण्याची. वारा कुठून येतो, पाणी कुठे साचते, कोणते गवत कोणत्या महिन्यात उभे असते, ठसे ताजे की जुने, हे तो जाणत असे. बंदूक गेली तरी त्या विद्येचे काम संपलेले नाही. मात्र ती वापरताना एक गैरसमज सोडावा लागतो. प्राणी शोधणे हे एक काम आणि नियम पाळणे हे दुसरे, वरून लादलेले काम, असे बहुतेकांना वाटते. सोलापूरच्या बाबतीत ते खरे नाही. इथले बहुतेक वन्यजीवन कुंपणाच्या आत नाही. ते गायरानात, पडीक रानात, ज्वारीच्या वावरात आणि वनखात्याच्या विखुरलेल्या तुकड्यांत राहते. जमीन कुणाची, तिथे कोण कधी जाऊ शकते, कुठे गाडी जाते आणि कुठे जात नाही, यावरच तिथे प्राणी टिकतो की नाही हे ठरते. म्हणून या भागात चांगली जागा शोधणाऱ्याला प्रवेशाचे नियम आधी समजून घ्यावे लागतात.

याचा सगळ्यात मोठा पुरावा नान्नजचा आहे. सोलापूर–बार्शी रस्त्यावर शहरापासून साधारण वीस किलोमीटरवरच्या या गावाच्या माळावर माळढोक आहेत हे १९७० च्या दशकात पुढे आले. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्या पक्षीप्रेमींनी पाठपुरावा केला आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात गवताचे काही तुकडे चराई थांबवून राखले गेले होते. माळढोकांनी नेमके तेच तुकडे विणीसाठी धरले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात इथे माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला. पक्षी तोच, पाऊस तोच, जमीनही तशीच मुरमाड. फरक होता तो कोणत्या तुकड्यात कोणाला कधी जाऊ द्यायचे याचा. पण याच अभयारण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कागदावर ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, बागायती आणि बाजारपेठाही आल्या. जमीन विकता येईना, विहीर खणताना अडचण, असा लोकांचा अनुभव झाला आणि पक्ष्याविषयी राग साचला. पुढे फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, तोवर बरेच नुकसान झाले होते. आज नान्नजला माळढोक दिसणे हा अपवाद आहे. संपूर्ण देशातच तो दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरला आहे. लहान तुकड्यावरचा नेमका, समजण्याजोगा नियम उपयोगी पडला. अर्ध्या जिल्ह्यावर पसरलेला, कुणालाच न पटलेला नियम उपयोगी पडला नाही. नियम हवेत असे म्हणताना मला पहिल्या प्रकारचे नियम अभिप्रेत आहेत.

आता माळ वाचण्याविषयी. सोलापूरला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. इतक्या पावसावर दाट जंगल उभे राहत नाही, आणि राहिलेले नाही म्हणून जमीन ओसाडही ठरत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, मधे बोर, हिवर आणि बाभूळ, उघडा मुरूम, एखादा ओढा: हीच या प्रदेशाची मूळ रचना आहे. तिथे काळवीट उघड्यावर राहते, कारण धोका लांबून दिसणे हाच त्याचा बचाव. चिंकारा थोड्या खडकाळ, झुडपी जागी सापडतो. खोकड मऊ, उंचवट्याच्या जमिनीत बीळ करते. लांडगा दिवसा ओढ्याच्या काठाला, उसात किंवा उभ्या ज्वारीत पडून राहतो आणि तिन्हीसांजेला हालचाल सुरू करतो. पावसाळ्यात चंडोल, पखुर्ड्या, धाविक यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी गवतात असतात, म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत गवतात पाय घालू नये, वाटेवरूनच पाहावे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून हारिण हे शिकारी पक्षी येतात, दिवसभर माळावर टोळ टिपतात आणि संध्याकाळी गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे वावरांवर कोसळतात. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास धरावेत. भर दुपारी माळ रिकामा दिसतो. त्यावरून तिथे काही नाही असे ठरवू नये.

‘काही नाही’ या समजुतीनेच माळाचे सगळ्यात जास्त वाटोळे केले. गवताळ प्रदेशाला सरकारी कागदांवर दीर्घकाळ पडीक म्हटले गेले. वनीकरण म्हणून तिथे ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली गेली आणि उघड्या जागेवर जगणाऱ्या प्राण्यांची जागाच आक्रसली. भेट देणाऱ्यांच्या हातूनही याच समजुतीपोटी चूक घडते. मोकळा माळ आहे, झाड नाही, पीक नाही, मग गाडी आडवी घातली तर काय बिघडले, असे विचारले जाते. बिघडते ते असे: उघड्या मुरमावर टिटवी किंवा धाविक यांची अंडी दगडासारखीच दिसतात आणि चाकाखाली कधी गेली ते कळतही नाही. चाकोरीत गवत पुन्हा उगवायला पावसाळे जातात. एक चाकोरी पडली की पुढची गाडी तीच धरते, मग तिसरी, आणि त्यांच्यामागे गावची भटकी कुत्री. अबी तमीम वनक यांनी नान्नजच्या परिसरात खोकडांवर केलेल्या अभ्यासात दिसले की कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा खोकड टाळते. म्हणजे माणसाने कचरा आणि उरलेला डबा माळावर टाकला, त्यामागे कुत्री आली, की तिथून खोकड हलते. ते पाहायला पुढच्या आठवड्यात आलेल्याला माळ खरोखरच रिकामा सापडतो.

कायद्यातील शिकारीची व्याख्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने एकदा नीट वाचावी. ठार मारणे, विष घालणे, सापळा लावणे तर तिच्यात आहेच. पण प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखवणे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे विचलित करणे हेही त्याच व्याख्येत आहे, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींचा नुसता प्रयत्नही त्यात मोडतो. काळविटाचा कळप उधळताना छान दिसतो म्हणून जीप मागे घालणे, लांडगा जवळ यावा म्हणून कोंबडी टाकणे, चंडोलाचे घरटे नीट दिसावे म्हणून भोवतीचे गवत बाजूला करणे, या तिन्ही कृती कायद्याच्या भाषेत शिकारीच्या कक्षेत जातात. हातात कॅमेरा होता, बंदूक नव्हती, हा बचाव तिथे पुरत नाही. आणि गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते. हा कायदा अतिरेकी नाही. पाठलागाने दमलेल्या काळविटाच्या दृष्टीने मागे येणारा कोण आहे याने फरक पडत नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट मारण्याची पद्धत होती, आणि तोही मुळात मोकळ्या माळावरचा पाठलागच होता.

जागा कळली की पहिला प्रश्न: ही जमीन कुणाची? सोलापूरच्या परिसरात साधारण चार उत्तरे मिळतात. अभयारण्यातली जमीन असेल तर कायद्याचे सत्ताविसावे आणि अठ्ठाविसावे कलम लागू होते. तिथे राहणारे, तिथे जमीन असलेले आणि सार्वजनिक रस्त्याने पार जाणारे यांना मोकळीक असते. इतरांना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी परवानगी घ्यावी लागते. आत शस्त्र नेता येत नाही, आग लावता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने जाण्याची मुभा म्हणजे रस्ता सोडून गवतात उतरण्याची मुभा नव्हे. वादाचे प्रसंग बहुतेक इथेच येतात. दुसरी जमीन राखीव वनाची, अभयारण्याबाहेरची. तिथेही आधी त्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांना किंवा बीटच्या वनरक्षकाला विचारावे. तिसरी गायरान. ती मोकळी दिसते, पण गावाच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन असते, तेव्हा ग्रामपंचायतीत सांगून जाणे हा शहाणपणा. चौथी खासगी, आणि या भागात काळवीट बहुधा याच जमिनीवर असते. गावाचे नाव आणि गट नंबर माहीत असेल तर सातबारा ऑनलाइन पाहता येतो, गावनकाशावर गटाची हद्दही कळते. तेवढी खटपट जमली नाही तर वस्तीवर जाऊन विचारावे. ‘राम राम मामा, तुमच्या रानाच्या बांधावर थांबून हरणं बघितली तर चालंल का?’ एवढ्या एका वाक्याने बहुतेक वेळा बांध तर मिळतोच, वर कळप सकाळी कुठल्या बाजूला असतो हेही कळते. पीक उभे असताना आत जाऊ नये आणि झाप किंवा फाटक उघडले तर लावून घ्यावे.

नियमाने दर्शन कमी होत नाही, वाढते, हे पटत नसेल त्याने जिल्ह्याच्या सीमेपलीकडे पाहावे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ चिंकारा आणि लांडग्यांसाठी प्रसिद्ध झाला, तसा तिथे वाहनांचा सुळसुळाट झाला. पुणे वनविभागाने मग तिथे आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली: आधी ऑनलाइन नोंदणी, ठरलेल्या वाटा, सोबत गावातलाच प्रशिक्षित मार्गदर्शक. गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळू लागला आणि भरकटणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला माणसे मिळाली. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य तर जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. १९८० मध्ये ते राखले गेले आणि एवढ्याशा जागेत काळवीट टिकले. सोलापूरहून यांपैकी कोणत्याही ठिकाणी एका दिवसात जाऊन येता येते. नवख्याने सुरुवात अशा व्यवस्था असलेल्या जागांपासून करावी, मोकळ्या माळावर नंतर जावे.

यावर येणारा एक आक्षेप गंभीर आहे. नियमांचा भार गरिबांवर पडतो, असे म्हटले जाते. शहरातून मोठी गाडी घेऊन येणारा परवानगी काढतो आणि पिढ्यानपिढ्या त्या माळावर वावरलेला माणूस बाहेर राहतो. यात तथ्य आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात तर अशा जमातींना तारांच्या कुंपणात डांबणारी सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. माळावर ठसे ओळखण्यात पारध्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि लांडग्याच्या सवयी मेंढ्या राखणाऱ्या धनगराइतक्या कुणाला माहीत नाहीत. म्हणून नियम शिथिल करा, हा मात्र त्याचा निष्कर्ष होऊ शकत नाही. नियम शिथिल झाले तर मोठ्या गाडीवाल्याचाच फायदा आधी होतो. मार्ग असा की या माणसांना मार्गदर्शक म्हणून आधी संधी द्यावी आणि त्यांच्या ज्ञानाचे पैसे मोजावेत. वाचकाच्या हातात यातला एक भाग आहे. कुणी दाखवायला सोबत आले, तर दिवसाची मजुरी आधी ठरवून ती पूर्ण द्यावी. चहा पाजून मोकळे होऊ नये.

दुसरा आक्षेप परदेशाचा दाखला देतो. अमेरिकेत काळ्या अस्वलाच्या शिकारीला परवाने आहेत, हंगाम ठरलेले आहेत, काही राज्यांत आमिष लावायलाही मुभा आहे. १९३७ च्या तिथल्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवनाकडे वळतो. मग आपल्याकडे का नको? या दाखल्यातली माहिती खरी आहे. पण तिथे काळ्या अस्वलांची संख्या लाखांत आहे, सार्वजनिक जमिनीचे पट्टे विस्तीर्ण आहेत, आणि बऱ्याच राज्यांत खासगी रानात मालकाच्या संमतीशिवाय तिथल्या शिकाऱ्यालाही पाऊल टाकता येत नाही. आपल्या माळावर प्रत्येक तुकड्याच्या पलीकडे वस्ती आहे, मेंढका आहे, शाळेला निघालेली मुले आहेत. सुटलेल्या गोळीला मोकळी दिशाच नाही. आणि परवान्यांचा आपला अनुभव उत्साह वाढवणारा नाही. भारतातले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने मारले. माळढोकाची शिकार तर मांसासाठी आणि नुसत्या हौसेखातर होत होती. आज जो थोडाफार प्राणी उरला आहे, त्यातून शिकारीचा वाटा काढण्याइतकी शिल्लक नाही.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. पाहुणे हरणे बघून जातात, पीक कुणाचे खाल्ले जाते? लांडग्याने करडे नेले तर नुकसान कुणाचे? सोलापूर जिल्ह्यात सतीश कुमार आणि रहमानी यांनी लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातही शेळ्यामेंढ्यांवर होणाऱ्या हल्ल्यांचा प्रश्न मध्यवर्ती आहे. इथला लांडगा बऱ्याच अंशी धनगराच्या कळपावर जगतो. तरी धनगराने त्याला पिढ्यानपिढ्या सहन केले, हे त्या समाजाचे मोठेपण. पण सहनशक्तीवर कायमचा भार टाकता येत नाही. जनावर मारले गेले तर ते जागेवरून न हलवता लगेच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि नुकसानभरपाईचा अर्ज करावा. पिकाचे नुकसान झाले तरी तसेच. रानडुकराचा उपद्रव असह्य झाला तर वनविभागाकडे रीतसर अर्जाचा मार्ग आहे. विजेची तार किंवा फास लावणे हा गुन्हा आहे आणि त्यात रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीच मरतो. माळावर नियमित जाणाऱ्यांनी इथे खरी मदत करावी: अर्ज लिहून द्यावा, फोटो काढून द्यावेत, कार्यालयात एकदा सोबत जावे. भरपाई वेळेवर मिळालेला मेंढपाळ लांडग्याच्या बिळात विष टाकत नाही.

आणखी एक सवय सोडायला हवी, ती जागेचा नेमका ठिकाणा पसरवण्याची. लांडग्याची मादी हिवाळ्यात पिल्ले घालते. बिळाचा फोटो ठिकाणासह गटावर टाकला की रविवारी तिथे गाड्या जमतात, मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत कुत्र्यांना किंवा रस्त्याला पिल्ले बळी पडू शकतात. लोकांना आवड लागावी म्हणून आम्ही सांगतो, असे यावर म्हटले जाते. तालुक्याचे नाव सांगूनही आवड लागते. बीळ, घरटे आणि हारिणांच्या मुक्कामाची जागा यांचा ठिकाणा फक्त वनविभागाला कळवावा. फोटोवरची स्थाननोंद पाठवण्याआधी बंद करावी. रात्री टॉर्च मारत फिरू नये, आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. घिरट्या घालणाऱ्या यंत्राला पक्षी गरुड समजतात आणि अंड्यांवरून उठतात.

बार्शीकडे आणि धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्भातल्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ २०२४ च्या अखेरीस येडशी–रामलिंगच्या अभयारण्यात पोहोचला आणि पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर आढळला. बिबटेही उसाच्या आधाराने या भागात आहेत. असा प्राणी असल्याचे कळले तर तिकडे जाणे टाळावे. गर्दीने बिथरलेला वाघ आणि त्याच्या मागे धावणारी माणसे यांत कुणाचेच भले होत नाही.

या हिवाळ्यात माळ पाहायचा असेल तर आधी वन्यजीव विभागाकडे नान्नजच्या प्रवेशाची वेळ, शुल्क आणि वाटाड्याची सोय विचारून घ्या, कारण ती हंगामाप्रमाणे बदलते. चारजणांनी एकाच गाडीतून जावे. गाडी डांबरावर किंवा ठरलेल्या जागी उभी करावी, मातकट रंगाचे कपडे घालावेत, दुर्बीण न्यावी, पाणी न्यावे, कचरा परत आणावा. काळविटाने मान वर करून तुमच्याकडे टक लावली की तिथेच थांबा. त्याहून एक पाऊल पुढे गेलात तर कळप उठेल. लहान मुले सोबत असतील तर त्यांना आधी ठसे, लेंड्या आणि बिळे ओळखायला शिकवा. प्राणी नाही दिसला तरी त्यांचा दिवस भरलेला जातो. आणि माळावर कुणी फास, जाळे, बंदूक किंवा हरणामागे लावलेली गाडी दिसली, तर वाद घालत बसू नका, गाडीचा क्रमांक आणि जागा टिपून लगेच १९२६ वर फोन करा.